हातातली काडी

“काडी टाक. टेकू, हातातली काडी टाक अन् थांब.”

दादाजींचा आवाज कधी चढत नसे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी चढला नव्हता, आणि आज चंद्रपुरातल्या एका खाजगी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, फिनेलनं पुसलेल्या व्हरांड्यात आठवणीतून टेकबहादूरच्या कानाशी आला तेव्हाही चढला नाही. देवापुढं निरांजन सरकवावं, ज्योत हलू न देता, तसा तो आला. आणि त्याच क्षणी सीतानं पुनमच्या तोंडात मारली.

आवाज झाल्यासारखा झालाच नाही. ओलं फडकं दगडावर पडावं इतकाच. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या म्हातारीनं मानसुद्धा वळवली नाही. आणि टेकबहादूरच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा आवाज चालणार नाही, नंतर भरावा लागेल. काठमांडूच्या स्टुडिओत त्यानं असे हजारो आवाज भरून घेतले होते. थापडेसाठी ओल्या पोत्यावर चामड्याचा पट्टा, हाड मोडण्यासाठी कोबीचा दांडा, डोकं आपटण्यासाठी पिकलेलं कलिंगड. खरी थापड इतकी मुकी असते हे तो विसरून गेला होता. विचार आला आणि मग त्या विचाराचीच त्याला भीती वाटली. त्याच्यासमोर एका निरपराध बाईला मार बसला होता आणि तो कान लावून आवाजाचा कस बघत होता.

“तुह्या तोंडाले कुलूप लागलं होतं काय वं?” सीता विचारत होती. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो सावरायचंही भान नव्हतं. “येक शब्द तं बोलाचा होता! माह्या मानसाचा जबडा तुटेपर्यंत पाहात राह्यली तू?”

पुनमनं गालावर हात नेला नाही. ती फक्त टेकबहादूरकडे बघत होती. त्या बघण्यात रागही नव्हता. नाटकात समोरचा वाक्य विसरला की दुसरा नट त्याच्याकडे बघतो, तशी ती वाट बघत होती.

“बाई, शांत व्हा तुमी,” प्रफुल मध्ये पडला. शूटिंगची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. नागपूरचा माणूस, खिशात सदा दोन फोन आणि ओठावर सदा एक उत्तर. “चूक झाली, आपण मानतो ना. ताईनं टायमावर कट देला नाई. सरले कसं समजनार? सर तं भूमिकेत होते. सर भूमिकेत असले का त्याईले काहीच ऐकू येत नाई. साऱ्या दुनियेले माहीत आहे.”

साऱ्या दुनियेला माहीत होतं ते खरंच. काल सकाळी दहा वाजता, माजरीच्या अलीकडे उभारलेल्या कोळशाच्या डेपोच्या सेटवर, टेकबहादूर घर्ती या नेपाळी नटानं, जो त्या सिनेमाचा दिग्दर्शकही होता, कोळसाचोराचं काम करणाऱ्या अंकुशला मारता मारता त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. अंकुश, सीताचा नवरा, मूल गावाकडचा धानाचा शेतकरी, हंगामात झाडीपट्टीच्या नाटकांतून कामं करणारा. दोन दिवसांच्या कामासाठी आला होता. आत खोलीत तो आता तारांनी तोंड बांधून पडला होता. टेकबहादूर स्वतः कॅमेऱ्यासमोर असला की ‘कट’ म्हणायचं काम पुनमचं. ती त्याची सहदिग्दर्शक, पाच वर्षांची सोबतीण. आणि पुनमनं कट म्हटलं होतं. दोनदा. तिसऱ्यांदा ती धावत येऊन त्याच्या मनगटाला लोंबकळली होती.

त्यानं ऐकलं होतं.

ही गोष्ट त्यानं आजवर एकाही माणसाला सांगितली नव्हती, की तो नेहमी ऐकत आला होता. काठमांडूत पहिल्यांदा खलनायक म्हणून त्याचं नाव झालं, ते एका सहनटाच्या दोन बरगड्या मोडल्या म्हणून. तेव्हा एका वार्ताहरानं विचारलं, तुम्ही थांबला का नाहीत? आणि तो हसून म्हणाला होता, भूमिकेत शिरलो की मला कट ऐकूच येत नाही. दुसऱ्या दिवशी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून आलं. त्या एका वाक्यावर त्याचं पुढचं सगळं उभं राहिलं. साठ सिनेमे, मग स्वतः काढलेले चार. पोस्टरवर त्याचं नाव दिसलं की लोक म्हणत, याचा मार खरा असतो. पोरं शिट्ट्या मारत. नवे नट त्याच्यासमोर उभं राहताना देवाचं नाव घेत, आणि ते पाहून त्याला आतून एक ऊब मिळे, कोळशाच्या शेगडीवर तळवे धरल्यासारखी. नाटकाला बसलेल्या माणसाला तबला ऐकू येतो, शेजारच्याचं खोकणं ऐकू येतं, तसा त्याला प्रत्येक ‘कट’ ऐकू आला होता. ऐकणं आणि थांबणं यांच्यामध्ये एक फट असते, बोटभर रुंद. त्या फटीत तो अठ्ठावीस वर्षं राहत आला होता.

त्या फटीत त्याच्या आधी त्याचा बाप राहिला होता. हर्कबहादूर, माजरीला एका ठेकेदाराच्या कोळसा डेपोवरचा रखवालदार. वस्तीत त्याला नाव नव्हतं. ए बहादूर, गेट खोल. ए बहादूर, शिट्टी मार. पोटापुरता कोळसा पोत्यात भरणारी माणसं तारेखालून सरपटत यायची आणि सापडली की बाप त्यांना मारायचा. पहिले दोन तडाखे ठेकेदारासाठी असत, ते लहानग्या टेकूलाही कळायचं. तिसऱ्यापासून पुढचे कुणासाठी, ते कळायचं नाही. आई खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, पुग्यो, पुग्यो. पुरे झालं. बाप ऐकायचा. टेकूनं बापाचे कान पाहिले होते, आईचा शब्द पडला की ते किंचित मागं सरायचे, जनावरासारखे. आणि लाठी पुन्हा वर जायची. मग घरी येऊन तो लाठी धुवायचा, हात धुवायचा, पशुपतिनाथाच्या तसबिरीला कण्हेरीचं फूल वाहायचा आणि जेवायला बसायचा. त्याच बापावर आता टेकबहादूर सिनेमा काढत होता, त्याच माजरीत, बापाचीच खाकी घालून. लोकांना सांगताना म्हणे, ही माझी श्रद्धांजली. मनाशी म्हणे, एकदा पाहायचंय, तिसऱ्या तडाख्यानंतर काय होतं ते.

पण ते त्याला केव्हाच ठाऊक झालेलं होतं. एकोणिसाव्या वर्षीच.

माजरीच्या गणपतीत तो उड्या मारून दाखवायचा. तिथं वडशाच्या नाटक कंपनीतल्या कुणी त्याला पाहिलं आणि उचललं. झाडीपट्टीत भाऊबीजेपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. दिवसा गावात शंकरपट, बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक, ते पार उजाडेस्तोवर. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. आज हे नाटक, उद्या ते. पाठांतर करायला वेळ कुणाला असतो? म्हणून सगळी भिस्त पडद्याआड बसलेल्या प्राँप्टरवर. तो वहीतून वाक्य पुढं सरकवतो, नट उचलतो. नव्या नटाला पहिली शिकवण हीच, की पब्लिक विसर, समोरचा विसर, त्या आवाजाला धरून राहा. तो म्हणेल बोल, तर बोल. तो म्हणेल थांब, तर थांब. तो प्राँप्टर म्हणजे दादाजी लोनबले. कपाळाला वही लावल्याशिवाय पहिलं पान न उघडणारे, मारुतीपुढं दिवा लावल्याशिवाय तोंडात घास न घालणारे. त्यांनीच त्याला मारायला शिकवलं. तळ्याकाठी, नाल्याच्या कडेला बेशरम माजते, जांभळट फुलांची. तिची काडी वाळली की आतून पोकळ होते, हाताला पिसासारखी. पाठीवर आपटली की फटाका फुटल्यासारखी वाजते आणि अंगावर वळसुद्धा उठत नाही. “मारतांनी डोळे उघडे ठेवजो,” दादाजी सांगत. “आवाज पब्लिकले, मार कोनालेच नाई.”

ज्याला मारायचं तो अश्वजित रामटेके. उंच, सावळा, आवाजात घुंगरू बांधल्यासारखं. तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुरांच्या पुढाऱ्याचं काम त्याचं, आणि जंगल ठेकेदाराच्या गुंडाचं टेकूचं. दोघं एका घोंगडीत झोपत, एका ताटात जेवत. “ए नेपाळ,” अश्वजित म्हणायचा, “आज हळू मारजो रे बापा. काल येवढा बेमालूम पडलो का माही बुढी सकाळी विचारे, पिऊन आला होता काय?” दोघांची एक खूण ठरलेली. खरोखर लागलं तर अश्वजितनं तळहात तीनदा फळ्यांवर आपटायचा. चार हंगामांत ती खूण एकदाही वापरावी लागली नव्हती. तशी सगळ्या झाडीपट्टीत नटांची खूण तीच.

वन्स मोअर नेहमी अश्वजितला मिळे, त्याच्या आक्रोशाला. टेकूच्या वाट्याला शिव्या. एकदा एका बाईनं चप्पल फेकली, ती नेमकी कानावर बसली आणि अश्वजित विंगेत पोट धरधरून हसला. खलनायकाचं तेच बक्षीस असतं रे, दादाजी म्हणाले. टेकूही हसला होता. पण चप्पल लागली ती जागा कितीतरी दिवस गरम राहिली.

आणि मग आरमोरीकडच्या त्या गावी, पहाट फुटता फुटता, मारण्याचा प्रसंग संपला आणि मैदान उठून उभं राहिलं. “वन्स मोअर! बहादूर, वन्स मोअर! मार, बहादूर!” पहिल्यांदा त्याचं नाव. तेही त्याचं नाही, बापाचं, साऱ्या रखवालदारांचं, गेट खोल म्हणण्यासाठी वापरायचं. पण हजार तोंडांतून आलं तेव्हा ते एखाद्या राजाच्या नावासारखं वाटलं. अश्वजित उठून पुन्हा जागेवर पडला, वन्स मोअरचा मान राखायचा तर तसंच करावं लागे. खालून डोळा मारून पुटपुटला, “घे रे नेपाळ, आज तुही दिवाळी.” पण बेशरमची काडी पहिल्याच वेळी मोडून गेली होती. टेकू इकडंतिकडं पाहू लागला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी आपल्या हातची तुतारी स्टेजवर भिरकावली, टोकाला खिळा ठोकलेली, दिवसभर पटात बैलांना टोचून आलेली बांबूची काठी. त्याच्या पायाशी पडली. त्यानं उचलली.

वजन कळलं. इथंच सगळं होतं, यात पुढं कधी कुठली सबब मिसळता आली नाही. बोटं मिटली त्या क्षणी वजन कळलं, ही बेशरमची काडी नव्हे हे कळलं. आणि पडद्याआडून आवाज आला. काडी टाक. टेकू, हातातली काडी टाक अन् थांब.

पहिला तडाखा खांद्यावर पडला. अश्वजित ओरडला, आणि त्या ओरडण्यात घुंगरू नव्हतं. मैदान खुळं झालं, असा आक्रोश त्यांनी कधी ऐकला नव्हता. “थांब, टेकू,” दादाजी म्हणाले. अश्वजितचा तळहात फळ्यांवर आपटला. एक. दोन. तीन. फळ्यांमधली धूळ उडालेली त्याला दिसली, पहाटेच्या उजेडात ती सोन्यासारखी होती. दुसरा तडाखा पाठीवर गेला आणि सदरा फाटून त्याखालचं मांस उघडं पडलं, सोललेल्या डाळिंबासारखं. “थांब,” दादाजी तिसऱ्यांदा म्हणाले, तितक्याच हळू. अश्वजितनं मान वर वळवली होती, काय चाललंय ते बघायला. त्याचे दोन्ही डोळे उघडे होते. टेकूचेही उघडेच होते, शिकवल्याप्रमाणे. तिसरा तडाखा तोंडावर आला. खिळा डाव्या डोळ्यात गेला आणि काठी मागं ओढताना किंचित अडकली. तेवढं अडकणं हाताला अजून आठवत होतं.

शिट्ट्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

मग कुणीतरी किंचाळलं आणि लोक स्टेजवर चढले. त्याच्या अंगावर पहिला हात पडणार, इतक्यात दादाजी वही छातीशी धरून पडद्याबाहेर आले. “माहा डोळा लागला होता,” ते म्हणाले. “म्या थांब म्हटलंच नाई. पोराचा गुन्हा नाई.” कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं, प्राँप्टर झोपला तर नट आंधळा. लोकांनी म्हाताऱ्याला धरलं. चष्मा पायाखाली गेला. धोतर सुटलं. कुणी मोडकी बेशरमची काडी उचलून मारली, ती वाजली नुसती, म्हणून दुसऱ्यानं बुक्क्यांनी मारलं, तिसऱ्यानं लाथेनं. वहीची पानं सुटून चिखलात गेली. दादाजींनी हात वर केला नाही. आणि टेकू विंगेच्या बांबूला धरून उभा होता. बोलला नाही. तोही मारच होता, हाताशिवायचा.

दोन दिवसांनी वडशाच्या फलाटावर दादाजी त्याला गाडीत बसवून द्यायला आले. भर दुपार होती. म्हाताऱ्याचा ओठ सुजून काळा पडला होता, शब्द ओले ओले येत होते. लाखोरीच्या डाळीचे वडे फडक्यात बांधून आणलेले. “तू परमुलखाचा, येकोनीस वर्सांचा,” ते म्हणाले. “खरं समजलं असतं तं तुले तिथंच पुरला असता. माह्या नावावर राहू दे हे. माहं काय, माही वही झालीच आहे संपत. पन येक कबूल कर मले. जवा तू येवढा मोठा होशीन का तुले कोनी हात लावू शकनार नाई, तवा अश्वजितकडं जाजो. सांगजो त्याले का म्या थांब म्हटलं होतं. तीन डाव म्हटलं होतं.” टेकूनं त्यांच्या पायावर डोकं ठेवून हो म्हटलं. गाडीनं वळण घेईपर्यंत त्यानं सगळे वडे खाऊन टाकले होते. इतकी भूक त्याला पूर्वी कधी लागली नव्हती.

मोठा तर तो केव्हाच झाला होता. हात लावू शकणारं कुणी उरलं नव्हतं. बारा दिवसांपूर्वी, शूटिंग सुरू करण्याआधी, तो वडशाला जाऊनही आला. कंपनीतला जुना तबलजी नथ्थू त्याला ओळखून रडला, मग चहा पाजला, मग सांगितलं. दादाजी त्या दिवसापासून एकच वेळ जेवत. अश्वजितचा डोळा जाग्यावर येईस्तोवर एकभुक्त राहीन, असा मारुतीपुढं नेम धरलेला. “गेलेला डोळा कुठी वापस येते, भाऊ?” नथ्थू म्हणाला. “अकरा वर्सं येकच टाइम जेवला बुढा. मरायच्या दिवशीही सकाळचं ताट झाकून ठेवलं होतं.” अश्वजित आरमोरीत होता. लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान टाकलं होतं त्यानं, संसार बरा होता. “पन दादाजीच्या मातीले आला नाई तो. आमी बोलवाले गेलो तं म्हने, झोपनाऱ्याले काहाले खांदा देऊ?”

टेकबहादूरनं चहा संपवला होता. मनात ठरवलं होतं, शूटिंग आटोपलं की जाऊ.

आणि काल सकाळी दहाला, ऊन कोळशाच्या ढिगावर चढलेलं असताना, त्यानं रबरी लाठी नाकारली. जवळच्या शॉटमध्ये रबर वाकतं, कळतं. बापाच्या लाठीसारखी खरी सागवानी लाठी हातात घेतली. अंकुश मांडीला आणि पाठीला गादीचे तुकडे बांधून घेत होता, तोंडानं गमती चालूच. “सर,” तो म्हणाला, “आमच्या झाडीपट्टीत आमी बेशरमच्या काडीनं मारतो. तुमी तं डायरेक सागवानावर आले! मोठ्या मानसाचं सारंच मोठं.” सगळे हसले. पुनमही हसली. टेकबहादूर हसला नाही. या अनोळखी माणसानं नेमकी तीच काडी पुढं का केली? त्याला वाटलं, याला माहीत आहे. त्याला काही माहीत नव्हतं. साधा विनोद होता, बिचाऱ्याचा.

पहिले दोन तडाखे गादीवर बसले. ते सिनेमासाठी होते. “कट,” पुनम म्हणाली. शॉट मिळाला होता, तिच्या आवाजात समाधान होतं. तिसरा बरगडीवर गेला. “सर, कट!” अंकुशचा श्वास कापला गेला, ओरडायलाही पुरला नाही. मग कोळशाच्या भुकटीत त्याचा तळहात आपटला. एक. दोन. तीन. ही खूण या सेटवर कुणी ठरवली नव्हती. तो तिकडूनच घेऊन आला होता, चारचौघांकडून शिकलेली. काळी धूळ उडाली. टेकबहादूरला ती दिसली. तो तळहात त्यानं ओळखला. ओळखला, आणि लाठी पुन्हा वर गेली. जबडा मोडला तेव्हा कोबीच्या दांड्यासारखा आवाज आला नाही. दाराची कडी सरकावी इतकाच आला.

“सर, तुमी हॉटेलात जा.” प्रफुल त्याच्या कोपराला धरून हळू आवाजात सांगत होता. “पुनमताई समजदार आहे, ती घेते आपल्यावर. वॉकीटॉकी बंद होता, असं लिहून देऊ. दवाखान्याचं सारं आपण पाहूच. दोन दिवसांत थंड होते हे.”

टेकबहादूरनं पुनमकडे पाहिलं. तिचा गाल अजून तसाच होता. खऱ्या माराचा वळ उशिरा उमटतो, हे त्याला ठाऊक होतं. तिच्या मनगटावर मात्र कालचं निळं बांगडीसारखं उठून दिसत होतं, त्याचा हात अडवताना झालेलं. ती अजून वाट बघत होती. दादाजींसारखी तीही वही छातीशी धरून पडद्याबाहेर आलीच होती, कालपासून बाहेर उभी होती. आणि तो पुन्हा बांबूला धरून गप्प होता.

“बाई,” तो म्हणाला. इतक्या वर्षांनी त्या बोलीतले शब्द तोंडात येताना खडे लागावेत तसे लागले. “याईनं थांब म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. म्या ऐकलं होतं.”

“सर!” प्रफुल म्हणाला.

सीतानं त्याच्याकडे नीट पाहिलं. आतापर्यंत तो तिच्यासाठी पोस्टरवरचा मोठा माणूस होता, भिंतीसारखा. “ऐकू आलं होतं?”

“आलं होतं.”

“मंग काऊन मारलं?”

एखादं वाक्य कुणी पुढं सरकवील म्हणून तो क्षणभर थांबला. कुणी सरकवलं नाही. “मले थांबाचं नव्हतं,” तो म्हणाला.

ती मारील असं त्याला वाटलं. गाल त्यानं नकळत पुढं केला होता. पण सीताचा हात खालीच राहिला, आणि ती जे बोलली ते त्याच्या अंगावर आजवर पडलेल्या कशाहूनही जड होतं. “मंग आत्ता मले काऊन करू देलं हे? तुमी इथीच होते उभे. सोमवार आहे माहा. तोंडात पान्याचा थेंब नाई सकाळपासून. कालपासून त्याच्यासाठी देवाले हात जोडून राह्यली, अन् त्याच हातानं काही गुन्हा नसलेल्या बाईले मारलं म्या. हे कोनाच्या माथी जाईन?”

सीता पुनमजवळ गेली. पायाशी वाकणार होती, पुनमनं तिला मध्येच धरलं. “राहू द्या ताई,” ती म्हणाली. मग दोघी बाकावर बसल्या, एकमेकींच्या हाताला धरून, आणि पुनम आत्ता कुठं रडली. वळ उमटू लागला होता, तीन बोटं स्पष्ट.

“पोलीस येतील,” टेकबहादूर प्रफुलला म्हणाला. “जे लिहायचं ते माझ्या नावानं लिहा. मी उद्या सकाळी स्वतः येऊन सही करतो.”

“तुमी वेडे झाले काय, सर? पिक्चर बुडेल!”

“बुडू दे.”

जिन्याकडे वळला तर सीतानं मागून हटकलं. “कुठी चाललात आता?”

“आरमोरीले. तिथं येकाले हेच सांगायचं राह्यलं आहे. अठ्ठावीस वर्सं झाली.”

तिनं पदरानं नाक पुसलं. “मंग जा,” ती म्हणाली. “पन वापस या. याचं तोंड उघडन तवा त्याच्यापुढंही सांगा. मी सांगनार नाई तुमच्या वतीनं.”

“येतो,” तो म्हणाला. वडशाच्या फलाटावर म्हटलं होतं त्याहून हा शब्द लहान होता.

खाली गाडी उभी होती, चालकानं दार उघडलं. त्यानं नको म्हणून हात केला आणि चालत बस स्टँडवर गेला. कुणी ओळखलं नाही. इथं अजूनही तो लोकांना कुणीतरी बहादूरच दिसत असणार. गडचिरोलीची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, “आरमोरी? गडचिरोलीले बदलावं लागन, भाऊ. घाई आहे काय?”

“नाही,” तो म्हणाला, आणि मग, “हो.”

शहर संपलं. मूलच्या रस्त्याला जंगल जवळ आलं. एका नाल्यावर गाडी हळू झाली, कडेला बेशरम माजली होती, जांभळट फुलांनी भरलेली, काही काड्या वाळून पांढऱ्या पडलेल्या. त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडून होता. त्या हातात काही नव्हतं, तरी बोटं मिटायला बघत होती. त्यानं ती एकेक करून उघडी ठेवली. मनाशी वाक्य जुळवून पाहिलं. अश्वजित, दादाजी जागे होते. एवढंच. पुढचं त्याच्या मनात आलंच नाही. आज पडद्याआड कुणी बसलं नव्हतं, आणि अश्वजितनं हे ऐकलं की अकरा वर्षांचं एकभुक्त आणि न दिलेला खांदा दोन्ही त्याच्या अंगावर कोसळणार होते. नंतर तो काय करील? हाताशी जे असेल ते उचलील कदाचित. उचलू दे.

दुकानात अश्वजितच्या उजव्या बाजूनं शिरायचं, त्यानं ठरवलं. त्या बाजूचा डोळा शाबूत होता. कोण येतंय ते त्याला आधी दिसायला हवं.